कडा वर, झरा खाली : अल्हामा दे ग्रानादाचं प्रकरण

दक्षिण स्पेनमध्ये, ग्रानादा शहराच्या नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर अल्हामा दे ग्रानादा हे गाव आहे. वस्ती सुमारे ६ हजार. इथल्या नदीने मऊ, वाळूमिश्रित चुनखडी कापत एक खोल घळ केली आहे आणि गाव त्या घळीच्या कड्यावर वसलं आहे. इतकं काठावर, की काही घरांच्या मागच्या भिंतीपाशी जमीनच संपते. घळीच्या तळाशी पिठाच्या जुन्या पाणचक्क्या उभ्या आहेत. ज्या गरम झऱ्यावरून गावाला हे नाव मिळालं तो मात्र कड्यावर नाही, कड्याच्या पायथ्याशीही नाही. नदी ज्या दिशेने वाहते त्या अंगाला, मैलभर खाली, मोकळ्या सखल जागेत तो आहे.

स्पेनमध्ये अल्हामा नावाची आणखीही गावं आहेत. मुर्सियात एक, आल्मेरियात एक, आरागोनमध्ये एक. गरम पाणी सगळ्यांकडेच आहे. ग्रानादाच्या या अल्हामाचं प्रकरण मी अभ्यासाला घेतलं ते त्या एका मैलासाठी. राहायला लोकांनी कडा निवडला, कारण तिथे शत्रूला चढणं अवघड होतं. अंघोळीला मात्र ते खाली उतरत राहिले. पुढे या गावावर दोन फार मोठी संकटं आली, १४८२ चा वेढा आणि १८८४ चा भूकंप. दोन्ही वेळा भक्कम समजलेला कडाच लोकांच्या जिवावर उठला. ज्या झऱ्याभोवती कधी तट बांधला गेला नाही, तो दोन्हींतून वाचला. हा निव्वळ योगायोग होता असं मला वाटत नाही. कारणं दगडात आहेत आणि माणसांच्या निर्णयांतही आहेत.

पाणी कुठून येतं

आधी दगडाकडे पाहू. अल्हामाच्या दक्षिणेला तेहेदा आणि आल्मिहारा या डोंगररांगा आहेत. त्यांचा खडक मुख्यतः संगमरवरी, चुनखडी-डोलोमाइटचा. त्यावर पडणारा पाऊस आणि हिवाळ्यातला बर्फ भेगांतून आत मुरतो, खोल जातो, तिथे तापतो आणि मग एखाद्या भ्रंशाच्या वाटेने वर येतो. इथे ज्वालामुखी नाही. जमिनीच्या पोटात किलोमीटरभर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, तेवढीच काय ती उष्णता. झऱ्याचं पाणी सुमारे ४७ अंशांचं आहे. म्हणजे ते निदान एक किलोमीटर खोल जाऊन आलेलं असणार.

एवढ्या खोलवरून पाणी गरम असतानाच वर यायचं, तर वाट मोकळी आणि थेट हवी. ती वाट म्हणजे कवचातली चीर, आणि चीर मोकळी राहायची तर जमीन अधूनमधून हलावी लागते. आफ्रिकेचा भूपट्ट वर्षाला काही मिलिमीटर या वेगाने युरोपकडे सरकतो आहे. त्या रेट्यात दक्षिण स्पेनचा हा भाग कुठे दाबला जातो, कुठे ताणला जातो. अल्हामाच्या दक्षिणेला बेंतास दे साफारायाजवळ जो भ्रंश आहे, तो ताणातून झालेला. या मुलखाला गरम पाणी देणारी आणि भूकंप देणारी यंत्रणा एकच आहे. एक हवं आणि दुसरं नको, अशी निवड इथे करता येत नाही.

राजे, प्रवासी आणि दोन स्नानगृहं

झऱ्यावर रोमन काळातच बांधकाम झालं होतं. आजच्या स्नानगृहाचा पाया त्या काळापर्यंत जातो आणि जवळच एक जुना दगडी पूल आहे, त्यालाही रोमन पूलच म्हणतात. त्यावरचं, आज दिसणारं दालन मात्र मुस्लीम राजवटीतलं. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या दगडी कमानी, वर अष्टकोनी घुमट आणि घुमटात ताऱ्यांच्या आकाराचे झरोके. वाफ बाहेर जावी आणि उजेड आत यावा, ही दोन्ही कामं ते झरोके करतात. पाणी खालच्या हौदात थेट जमिनीतून येतं. शहरातल्या हमामांना भट्टी लागायची, लाकूड लागायचं, ते पेटवायला माणसं लागायची. इथे त्यातलं काहीच लागत नव्हतं.

या जागेचं एक वर्णन मराठी वाचकाच्या ओळखीच्या माणसाने करून ठेवलं आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५० च्या सुमारास मालागाहून बेलेसमार्गे ग्रानादाला निघाला असताना अल्हामाला थांबला. गाव लहान आहे, मशीद सुंदर जागी आहे, नदीकाठी गावापासून सुमारे एक मैलावर गरम पाण्याचा झरा आहे आणि तिथे पुरुषांसाठी एक व स्त्रियांसाठी एक अशी दोन स्नानगृहं आहेत, असं तो सांगतो. हाच इब्न बतूता त्याआधी, १३४२ च्या सुमारास, दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनला जायला निघाला होता आणि वाटेत दौलताबाद आणि नंदुरबारला थांबला होता. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल लिहिताना त्यांचं भात-भाजीचं जेवण आणि जेवणाआधी अंघोळ करण्याची त्यांची रीत त्याने आवर्जून टिपली. जिथे जाईल तिथलं पाणी आणि तिथली स्वच्छतेची रीत पाहायची त्याला सवय होती. त्यामुळे अल्हामाबद्दलच्या त्याच्या दोन-तीन ओळींवर मी विश्वास ठेवतो. त्यातला 'एक मैल' तर आजही चालून पाहता येतो.

ग्रानादाच्या मुस्लीम राज्याचे, नस्री घराण्यातले सुलतान आणि त्यांचे दरबारी या झऱ्यावर येत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मालागा-बेलेसच्या बंदरांकडून ग्रानादाला येणारा रस्ता अल्हामावरून जात होता. राज्याच्या आतल्या भागात, राजधानीपासून दोनेक दिवसांच्या वाटेवर, उभ्या कड्यावर बसलेलं गाव. इथवर शत्रू येईल असं कोणाला वाटत नव्हतं, आणि पहारा ढिला पडायला तेवढं पुरेसं होतं.

१४८२ : पाण्याच्या गावात तहान

डिसेंबर १४८१ मध्ये ग्रानादाचा सुलतान अबुल हसन अली याने सीमेवरचं साआरा हे शेजारच्या ख्रिस्ती राज्याचं, कॅस्टिलचं ठाणं अचानक हल्ला करून घेतलं. स्पॅनिश लोक या सुलतानाला मुले आसेन म्हणतात. त्याला उत्तर द्यायचं ठरवलं कादिसचा मार्क्विस रोद्रिगो पोन्से दे लेओन याने. सीमेवरच्या ठाण्याला सीमेवरचं ठाणं, असा सौदा त्याने केला नाही. काही हजार घोडेस्वार आणि पायदळ घेऊन, रात्री चालत आणि दिवसा लपत, तो थेट राज्याच्या पोटात शिरला. २८ फेब्रुवारी १४८२ च्या पहाटेआधी त्याची माणसं शिड्या लावून अल्हामाच्या किल्ल्यात उतरली. गावकरी लढले. दिवसभर गल्लोगल्ली झुंज झाली. शेकडो माणसं मारली गेली, हजारो कैद झाली आणि त्या कैद्यांत बहुतेक बायका-मुलं होती. त्यांना गुलाम म्हणून नेलं गेलं. कॅस्टिलच्या इतिवृत्तांत या दिवसाचं वर्णन विजय म्हणून येतं. अल्हामाच्या लोकांसाठी तो त्यांच्या गावाचा शेवटचा दिवस होता.

ग्रानादात ही बातमी पोचली तेव्हा शहरात आकांत झाला. अल्हामा पडल्याच्या दुःखावर रचलेलं विलापगीत पुढे स्पॅनिश भाषेत इतकं रुजलं की जिंकणाऱ्यांची नातवंडंही ते गात राहिली.

आता हल्ला करणारेच वेढ्यात सापडले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अबुल हसन मोठं सैन्य घेऊन आला. घाईत निघाल्यामुळे तट फोडायला तोफा त्याच्याबरोबर नव्हत्या. कडा चढून जाण्याचे प्रयत्न फसले आणि बरीच माणसं गेली. मग त्याच्या लोकांनी गावाचं खरं दुखणं ओळखलं. ते त्यांचंच गाव होतं, त्यांना ते ठाऊकच होतं. कड्यावर पुरेशा विहिरी नव्हत्या, मोठे हौद नव्हते. पिण्याचं पाणी यायचं नदीतून, आणि वेढ्याच्या काळात नदीपर्यंत उतरायला कड्याच्या पोटातून खोदलेली एक भुयारी वाट होती. सुलतानाने नदीचा प्रवाहच वळवायला घेतला.

इथे हे प्रकरण माझ्यासाठी पूर्ण उलगडतं. गरम पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात सैनिक घोटभर पाण्यासाठी मरत होते. भुयाराच्या तोंडाशी, नदीच्या पात्रात, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लढाई चालायची आणि हाती आलेल्या पखालींत पाण्याबरोबर रक्तही यायचं, अशी वर्णनं इतिवृत्तकारांनी केली आहेत. मैलभर खाली झरा अखंड वाहत होता, पण तो तटाबाहेर, शत्रूच्या तळाच्या हद्दीत. उंची आणि पाणी यांतली एकच गोष्ट मिळेल, अशी ती जागा होती. बांधणाऱ्यांनी उंची निवडली होती.

मार्चच्या शेवटी सुटका झाली. मदतीला धावून आला मेदिना सिदोनियाचा ड्यूक. हा पोन्से दे लेओनचा हाडवैरी. दोन्ही घराण्यांनी सेव्हियाच्या रस्त्यांत वर्षानुवर्षं एकमेकांचं रक्त सांडलं होतं. त्याचं सैन्य येतंय म्हटल्यावर सुलतानाने वेढा उठवला आणि दोघा वैऱ्यांनी अल्हामाच्या वेशीवर दिलजमाई केली. सुलतान पुन्हा आला, तेव्हा मे महिन्यात कॅस्टिलचा राजा फेर्नांदो स्वतः कुमक घेऊन गेला. शत्रूच्या पोटातलं हे ठाणं राखणं परवडणार नाही, ते पाडून टाकावं, असा सल्ला काही दरबाऱ्यांनी दिला होता. राणी इसाबेलने तो मानला नाही.

ठाणं राखण्याची किंमत पुढची काही वर्षं मोजावी लागली. तेंदियाचा काउंट इनिगो लोपेस दे मेंदोसा इथे किल्लेदार असताना सैनिकांना पगार द्यायला नाणी उरली नाहीत. तेव्हा त्याने कागदाच्या तुकड्यांवर रकमा लिहून, सह्या करून ते चलन म्हणून चालवले आणि पुढे त्यांच्या बदल्यात खरी नाणी दिली, असं इतिवृत्तांत आहे. युरोपातल्या कागदी पैशाच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत याची गणना होते. त्याचीच आणखी एक हकिगत आहे. मोठ्या पावसात तटाचा एक भाग ढासळला. शत्रूला कळू नये म्हणून काउंटने दगडी भिंतीसारखं रंगवलेलं कापड त्या खिंडाराला लावलं आणि त्याच्या आड रातोरात भिंत बांधून घेतली. चातुर्याचा नमुना म्हणून ही गोष्ट सांगतात. मला त्यात तटाची तब्येतही दिसते. मऊ खडकाच्या कड्यावर उभी असलेली भिंत एका पावसात कोसळते, ही सूचना होती. चारशे वर्षं ती कोणी मनावर घेतली नाही.

अल्हामापासून सुरू झालेलं हे युद्ध २ जानेवारी १४९२ ला ग्रानादा शरण आलं तेव्हा संपलं.

अंघोळीवर बंदी

अल्हामाच्या मशिदीच्या जागी चर्च उभं राहिलं. राणीच्या नावाने इस्पितळ निघालं. झऱ्यावरच्या दालनाला कोणी हात लावला नाही. ग्रानादाच्या मुलखातल्या इतर स्नानगृहांचं नशीब असं नव्हतं.

१ जानेवारी १५६७ ला राजा फेलिपे दुसरा याचा हुकूम ग्रानादात जाहीर झाला. बाटवून ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांनी, म्हणजे मोरिस्को लोकांनी, अरबी बोलायचं नाही, जुना पेहराव करायचा नाही आणि हमामात जायचं नाही. सार्वजनिक स्नानगृहं पाडून टाकायची. राज्यकर्त्यांना अंघोळीत धर्म दिसत होता, कारण नमाजाआधी अंग धुतात. फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या वयोवृद्ध मोरिस्को सरदाराने तेव्हा ग्रानादाच्या न्यायसभेच्या अध्यक्षाला एक अर्ज लिहिला. हमाम अंगाचा मळ काढण्यासाठी आहेत, तिथे ख्रिस्तीही येतात, तिथे कोणी गुपचूप नमाज पढत नाही, कारण ती गजबजलेली आणि ओली जागा आहे, असं त्याने शांतपणे, मुद्देसूद मांडलं. आपल्या लोकांच्या साध्या जगण्याची बाजू इतक्या धीराने मांडणारा दुसरा कागद त्या शतकातून माझ्या वाचनात आलेला नाही. अर्जाचा उपयोग झाला नाही. १५६८ मध्ये आल्पुखारा डोंगरात बंड पेटलं, ते चिरडलं गेलं, ग्रानादाचे मोरिस्को देशभर विखरून टाकले गेले आणि १६०९ ते १६१४ या काळात त्यांना स्पेनमधूनच हाकलण्यात आलं.

हुकमाचा रोख माणसांनी भट्टी लावून तापवलेल्या हमामांवर होता. जमिनीतून आपोआप गरम निघणारं पाणी हे औषध मानलं जाई आणि औषधाला धर्म नव्हता. सांधेदुखीचे, कातडीच्या विकारांचे रुग्ण इथे येत राहिले. ज्यांच्या पूर्वजांनी तो घुमट बांधला, त्यांना देशाबाहेर काढलं गेलं आणि घुमट राहिला.

एकोणिसाव्या शतकात या पाण्यावर सरकारची नजर आली. १८१६ मध्ये राजा फेर्नांदो सातवा याने औषधी झऱ्यांवर सरकारी डॉक्टर नेमण्याचा हुकूम काढला. कोणी किती दिवस, किती वेळ पाण्यात बसायचं ते डॉक्टर ठरवू लागले आणि दरसाल अहवाल लिहू लागले. हंगामात लोक येत, उपचार घेत आणि परत जात. गावाला या येण्या-जाण्यातून थोडीफार कमाई होई. झऱ्यापाशी वस्ती मात्र वाढली नाही. गाव होतं तिथेच, कड्यावर दाटीने वाढत राहिलं.

२५ डिसेंबर १८८४

नाताळच्या रात्री नवाच्या सुमारास जमीन हलली. काही सेकंदांचाच खेळ. आजच्या अंदाजाने या भूकंपाची तीव्रता ६.५ च्या आसपास होती आणि तो साफारायाच्या भ्रंशावर झाला. अल्हामा त्या भ्रंशापासून जवळ होतं. अरेनास देल रे हे लहानसं गाव त्याहून जवळ होतं, ते जवळजवळ पूर्णच जमीनदोस्त झालं आणि तिथे शंभरावर माणसं गेली. साऱ्या प्रदेशात मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत साडेसातशे ते नऊशेच्या दरम्यान येतो. त्यातले साडेचारशेच्या आसपास एकट्या अल्हामाचे. म्हणजे निम्मे किंवा त्याहून जास्त मृत्यू एका गावात, आणि तेही सगळ्यांत जवळचं नसलेल्या गावात.

असं का झालं, याचं एक सरळ उत्तर म्हणजे अल्हामाची लोकसंख्या आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा बरीच मोठी होती. तेवढ्यावर मला थांबता येत नाही. गरिबांची घरं ओबडधोबड दगड आणि मातीची, चुन्याचं प्रमाण नगण्य, वर जड कौलं. अशी भिंत आडवा हिसका सोसत नाही. तिचे दोन पापुद्रे सुटतात आणि छप्पर सरळ आत बसतं. त्यात ही घरं उतारावर एकावर एक रचलेली, मधल्या गल्ल्या अरुंद. वरच्या आळीतलं घर पडलं ते खालच्या आळीवर, आणि तिथून पुढे घळीत. पळून उभं राहावं अशी मोकळी जागा नव्हती. कड्याच्या कडेला हादरा जास्त जोराने बसतो, हे आज भूकंपशास्त्रात मान्य झालेलं आहे. सुटा, मऊ खडक आणि त्याची मोकळी कड, दोन्ही अल्हामात एकत्र होतं. चारशे वर्षांपूर्वी तेंदियाच्या काउंटने कापड लावून झाकलेली कमजोरी या रात्री उघडी पडली.

वाचलेल्यांवर मग हिवाळा तुटून पडला. जोराची थंडी आणि बर्फ, वर पुन्हापुन्हा येणारे धक्के. घर शाबूत असलं तरी आत जायची हिंमत नाही. माणसं फाटक्या तंबूंत, ओंडक्यांच्या आडोशाला राहिली. जानेवारी १८८५ मध्ये राजा अल्फोन्सो बारावा बर्फातून घोड्यावर बसून उद्ध्वस्त गावांतून फिरला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याला क्षय झालेला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. मधल्या उन्हाळ्यात ग्रानादा प्रांतात कॉलऱ्याची साथ आली. एका वर्षात एवढं सगळं ज्या लोकांनी सोसलं, त्यांच्याबद्दल लिहिताना आकड्यांवरून घाईने पुढे सरकावंसं वाटत नाही.

अभ्यासकही आले. स्पेन सरकारचा आयोग होताच. फ्रेंच विज्ञान अकादमीने फर्दिनां फुके याच्या नेतृत्वाखाली भूशास्त्रज्ञांची तुकडी पाठवली. इटलीतून तोर्क्वातो तारामेल्ली आणि ज्युसेप्पे मेर्काली आले. ज्याच्या नावाने पुढे भूकंपाच्या परिणामांची मोजपट्टी जगभर प्रसिद्ध झाली, तोच हा मेर्काली. कुठल्या खडकावरची घरं पडली, कुठली तगली, भेगा कुठल्या दिशेला गेल्या, हे त्यांनी गावोगाव फिरून टिपलं. मेर्कालीची मोजपट्टी उपकरणांवर चालत नाही, पडलेल्या भिंतींवर आणि माणसांच्या अनुभवांवर चालते. अल्हामासारख्या गावांत हिंडलेल्या माणसाला अशी मोजपट्टी सुचावी हे मला समजतं.

झऱ्याचं काय झालं

वर गाव ढासळत असताना खाली झरा आटला नाही. उलट जुन्या झऱ्याचा जोर आणि ऊब वाढली आणि जवळच जमिनीतून गरम पाण्याचा आणखी एक झरा फुटला. त्याला 'नवं स्नान' म्हणू लागले, जुन्याला 'जुनं'. ही नावं आजही चालतात.

यात चमत्कार नाही. ताणातून होणाऱ्या भ्रंशावर भूकंपाआधीच्या शेकडो वर्षांत खडक हळूहळू ताणला जातो, बारीक भेगा उघडतात आणि त्यांत पाणी साठत जातं. भूकंप झाला की ताण सुटतो, भेगा मिटतात आणि साठलेलं पाणी बाहेर ढकललं जातं. शिवाय हादऱ्याने क्षारांनी बुजलेल्या जुन्या वाटा मोकळ्या होतात, नव्या तयार होतात. असे भूकंप झाल्यावर झरे फुगतात, असं भूशास्त्रज्ञांना इतर ठिकाणीही दिसलं आहे. अल्हामात ते भर थंडीत, शेकडो प्रेतं अजून ढिगाऱ्याखाली असताना घडलं. ज्यांचं सगळं गेलं त्यांना हे नवं पाणी कसं वाटलं असेल, याची मी कल्पना करून पाहतो आणि दर वेळी थांबतो.

पुन्हा कुठे बांधायचं

प्रकरण म्हणून पाहायचं तर अल्हामाचा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय इथे आहे. पुनर्बांधणीसाठी सरकारने खास आयुक्त नेमला, फेर्मिन दे लासाला, मांदासचा ड्यूक. पैसा देशभरातून वर्गणीने जमला, क्यूबासारख्या वसाहतींतून आला, परदेशांतूनही आला. प्रत्येक उद्ध्वस्त गावापुढे एकच प्रश्न होता. त्याच जागी बांधायचं की हलायचं? अरेनास देल रे सरळ, रुंद रस्त्यांनी आखून पुन्हा उभं केलं गेलं.

अल्हामात अर्धं उत्तर निघालं. घळीपासून दूर, सपाट जागी 'लास ओयास' नावाची नवी वस्ती बांधली गेली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, बसक्या घरांच्या रांगा, मधे मोकळी जागा. शास्त्रज्ञांनी ढिगाऱ्यांतून जे वाचलं होतं, तेच या आखणीत उतरलं. घर बुटकं ठेवा, रस्ता रुंद ठेवा, कड्यापासून लांब राहा. १४८२ नंतर पहिल्यांदा गावाने काठ सोडून आत पाऊल टाकलं.

पण कडा पूर्ण सुटला नाही. चर्च तिथे होतं, बाजार तिथे होता, लोकांच्या जागा आणि त्यांचे हक्क तिथे होते. ज्यांच्याकडे थोडाफार पैसा होता त्यांनी जुन्याच जागी भिंती उभ्या केल्या आणि जुना भाग पुन्हा भरला. त्यांना दोष द्यायला माझं मन होत नाही. घर हे निव्वळ चार भिंतींचं नसतं. शेजार असतो, पिढ्यांचा उंबरा असतो, चर्चच्या घंटेच्या आवाजात येणारी सकाळ असते. आयुक्तांना ते पैशांत बसवता आलं नाही आणि बसवता आलंही नसतं. तरीही माझं मत असं आहे की लास ओयास ही तेव्हा स्पेनमध्ये झालेली अत्यंत शहाणी गोष्ट होती आणि तिची जेवढी दखल घेतली जावी तेवढी घेतली जात नाही. पर्यटक कडा पाहायला जातात, पुलावरून फोटो काढतात. ज्या बसक्या घरांनी पुढच्या भूकंपाचा विचार आधीच करून ठेवला आहे, त्यांच्या रस्त्यात थांबायला कोणाला वेळ नसतो.

झऱ्यावरचं घुमटाचं दालन आज हॉटेलच्या आवारात आहे. उपचारांना आलेल्यांखेरीज इतरांना ते ठरावीक वेळातच पाहता येतं. हॉटेलमधून वाहून जाणारं गरम पाणी मात्र बाहेर नदीकाठच्या उघड्या कुंडांत पडतं. तिथे गावातली म्हातारी माणसं, ग्रानादाहून आलेले विद्यार्थी, रस्त्याने जाणारे प्रवासी असे कोणीही पैसे न देता बसू शकतात. इब्न बतूताने पाहिली तशी स्त्री-पुरुषांची वेगळी व्यवस्था आता नाही.

ग्रानादा प्रांत आजही स्पेनच्या भूकंप-नकाशावर सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात मोडतो आणि नव्या बांधकामाला त्यानुसार कडक नियम लागू आहेत. ते नियम जुन्या आळ्यांतल्या, १८८५ नंतर जुन्याच दगडांनी पुन्हा उभ्या राहिलेल्या घरांना आपोआप लागू होत नाहीत. त्यांना आतून बांधून घेणं, छपरं हलकी करणं, भिंतींना भिंती जोडणं ही खर्चाची आणि घराघराने करायची कामं आहेत. अल्हामाच्या ऐतिहासिक भागासाठी जो पैसा आज दर्शनी भिंती रंगवण्यावर आणि दिव्यांवर जातो, त्याचा पहिला वाटा या कामांना मिळावा, असं मला मनापासून वाटतं.